बुधवारची सहा माणसं



पौलाने रोमच्या मंडळीला पत्र लिहिलं तेव्हा त्या शहरात त्याने पाऊलही ठेवलेलं नव्हतं. साल साधारण इसवी सन ५७. तो करिंथमध्ये मुक्कामाला होता आणि पत्र घेऊन जाणार होती फिबी नावाची बाई, किंख्रियाच्या मंडळीची सेविका. पत्राच्या आरंभीच पौल म्हणतो की तुम्हाला भेटायची मला फार ओढ आहे, काहीतरी आत्मिक देणगी तुम्हाला द्यावी आणि तुम्ही स्थिर व्हावं असं वाटतं. इथवर ठीक आहे. प्रेषित आहे, देण्याची भाषा करणारच. पण पुढच्याच वाक्यात तो स्वतःला आवरतो. म्हणजे असं, की तुमच्या विश्वासाने मला धीर यावा आणि माझ्या विश्वासाने तुम्हाला. आजवर मी या दोन वचनांवर पुष्कळ उपदेश ऐकले. त्यातले बहुतेक पहिल्या वाक्यावरच थांबले. दुसऱ्या वाक्यापाशी उपदेशकाची थोडी पंचाईत होते. व्यासपीठावरून खाली बघून ‘तुमच्याकडून मला काही हवं आहे’ असं म्हणणं अर्पणाच्या वेळी सोपं असतं, एरवी नाही.

पौलाचं ते वाक्य नुसतं सौजन्याचं नव्हतं, हे पुढे कळलं. तीन-एक वर्षांनी तो रोमला पोचला तो कैदी म्हणून. वाटेत जहाज फुटलेलं, बरोबर शिपाई, पुढे कैसराचं न्यायासन. प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात लूक सांगतो की रोमचे बंधू त्याला भेटायला अप्पियाच्या पेठेपर्यंत आणि तीन उतारशाळांपर्यंत आले. अप्पियाची पेठ रोमपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर. म्हणजे आपल्या मूर्तिजापूरहून अमरावतीच्याही थोडं पलीकडे, आणि तेही एका बेडी घातलेल्या माणसासाठी. ज्यांची नावंही लूक देत नाही अशा त्या माणसांना पाहून पौलाने देवाचे आभार मानले आणि त्याला हिंमत आली. लूक एवढंच लिहितो. पौलाने त्यांना काही शिकवलं असं तिथे लिहिलेलं नाही. शिकवणं नंतर झालं असेल. आधी झाली ती भेट, आणि तीत देणारे होते ते नाव नसलेले लोक.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना हा विषय आवडला असता की नाही, सांगता येत नाही. ते शिस्तीचे होते, आणि ‘एकमेकांना धीर देणं’ या नावाखाली काय काय खपतं हे त्यांनी पाहिलं होतं. तेव्हा मीही थोडा जपूनच बोलतो.

आपल्या मंडळ्या कुठून आल्या ते एकदा नीट आठवू या, कारण आजचा आपला स्वभाव तिथेच घडला आहे. वऱ्हाडातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांचा मोठा भाग अलायन्स मिशनच्या कामातून उभा राहिला. त्याच मिशनचे मार्कस फुलर आणि त्यांच्या पत्नी जेनी फुलर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोल्याला राहत होते. जेनीबाईंनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या हालअपेष्टांवर जे पुस्तक लिहिलं ते १९०० साली निघालं आणि त्याला प्रस्तावना होती पंडिता रमाबाईंची. नेमके तेच दिवस दुष्काळाचे. १८९६-९७चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९००चा आला. वऱ्हाड म्हणजे कापसाचा, सोन्याचा प्रांत असं म्हटलं जाई, आणि त्याच प्रांतात आईबाप गमावलेली पोरं रस्त्याला लागली. मिशनने त्यातल्या कितीकांना जवळ केलं, खाऊपिऊ घातलं, अक्षरओळख दिली, सुतारकाम-शिवणकाम शिकवलं. आपल्यापैकी काहींचे पणजोबा-पणजी त्या अनाथाश्रमांतून आलेले आहेत. हे ऋण मोठं आहे, आणि ज्यांना ते मान्य करायची लाज वाटते त्यांच्याशी माझं जमत नाही.

पण त्या ऋणाबरोबर एक सवयही आली. मिशनच्या कंपाउंडमध्ये बंगला एका टोकाला आणि चाळ दुसऱ्या टोकाला. पगार, औषध, पुस्तकं, सल्ला, रागावणं, शाबासकी, सगळं बंगल्याकडून चाळीकडे यायचं. मुद्दाम कुणी तसं ठरवलं नव्हतं. ज्याच्याकडे असतं तो देतो आणि ज्याच्याकडे नसतं तो घेतो, एवढंच. पुढे मिशनरी साहेब गेले, बंगला पाळकाला मिळाला किंवा पडीक झाला, काही ठिकाणी कोर्टात गेला. पण देणं-घेणं कोणत्या बाजूने वाहतं ते काही बदललं नाही. आता बंगल्याच्या जागी व्यासपीठ आहे. विश्वास तिथून येतो आणि बाकांवर वाटला जातो, असं आपण नकळत धरून चाललो आहोत. रविवारी दीड तास आपण एकमेकांच्या पाठी बघत बसतो आणि एकाच माणसाचं तोंड. मग घरी जाताना म्हणतो, आज उपदेश चांगला झाला, किंवा आज काही मजा नाही आली.

हे सगळ्यात आधी ज्यांना टोचलं त्यात नारायण वामन टिळक होते. १८९५ साली बाप्तिस्मा, मग अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये जवळजवळ बावीस वर्षं. ‘ज्ञानोदय’ नियतकालिकाच्या मराठी विभागाचं काम, मंडळीसाठी कितीतरी गीतं. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडलं की टिळकांशिवाय पान फार वेळ पुढे सरकत नाही. एवढं असून १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती, अट एकच की ख्रिस्ताचं शिष्यत्व मनापासून हवं. पाश्चात्त्य मिशनऱ्यांवरचं त्यांचं प्रेम आटलं नव्हतं. पण पगार देणारा आणि पगार घेणारा एकमेकांचे भाऊ होऊ शकत नाहीत, निदान सहजासहजी नाही, हे त्यांना उमगलं होतं. ‘दरबार’ फार चालला नाही. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, टिळक वारले. संस्था म्हणून पाहिलं तर तो प्रयोग फसलाच म्हणायचा. मला मात्र त्यातला प्रश्न अजून ताजा वाटतो.

टिळकांच्या घरातच या प्रश्नाचं दुसरं उत्तर होतं, आणि ते जास्त पक्कं निघालं. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्या तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळं एकेक पायरीने सुटलं, देवाबद्दलचं मन एकेक पायरीने उघडलं, आणि १९००च्या सुमारास त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. टिळक मोठे कवी, मोठे वक्ते, घाईचे गृहस्थ. लक्ष्मीबाई शाळेत न गेलेल्या, धिम्या, हसऱ्या आणि कुणाचंही न ऐकणाऱ्या. विश्वासात कोण पुढे, कोण मागे, असं त्या काळच्या मंडळीला विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं ते उघड आहे. पण टिळकांनी अर्धवट सोडलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेलं ते लक्ष्मीबाईंनी. आणि टिळक हा माणूस आपल्याला कळतो, त्याच्या रागासकट, विसरभोळेपणासकट, भक्तीसकट, तो लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे. जो मागून येतो तोच पुढच्याचं ओझं उचलतो, असं मंडळीत पुष्कळदा होतं. फक्त मागून येणाऱ्याला मागून येऊ द्यावं लागतं. आमच्याकडे तरुणांना चौथ्या रविवारीच विचारतात, मग, कधी घेता बाप्तिस्मा?

आता रमाबाई. त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर बोलणार आहे, कारण आजच्या विषयाची खरी गोष्ट मला तिथेच सापडते.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पुढे अमेरिका, १८८९ला मुंबईत शारदासदन, मग पुणे, मग केडगाव. जगभर नाव झालं. मिशनरी लोक त्यांचा दाखला देऊन निधी गोळा करत. आणि हीच बाई १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत कबूल करते की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. मतं पटली होती, उपासना आवडली होती, नीती उच्च वाटली होती. पण जिवाला जो आधार हवा तो लागला नव्हता. हॅस्लम नावाच्या एका इंग्लिश धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र हाती पडलं. पाळक झाल्यावर कितीतरी दिवसांनी आपलाच विश्वास पोकळ आहे हे ज्याच्या लक्षात आलं, असा तो माणूस. ते वाचून रमाबाईंना स्वतःची अवस्था दिसली.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, ज्या बाईकडे सगळे विश्वासासाठी बघत होते तिच्याकडे तो तिला हवा तितका नव्हता, आणि हे तिने लपवलं नाही. दुसरी, तिला बाहेर काढलं ते एखाद्या पंडिताच्या युक्तिवादाने नाही. पुराणं तोंडपाठ असलेली ती बाई, युक्तिवादात तिला कोण पुरं पडणार? तिला बाहेर काढलं दुसऱ्या एका माणसाच्या प्रामाणिक कबुलीने. मलाही असंच झालं होतं, हे वाक्य तिला कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

मग आलं १९०५. मधल्या काळात, १८९६-९७च्या दुष्काळात, रमाबाई मध्य प्रांतात हिंडल्या होत्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन केडगावला परतल्या होत्या. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या आल्या. त्या मुलींना घर नव्हतं, गोत नव्हतं. काहींना नीट नावही नव्हतं. १९०४ साली वेल्समध्ये मोठं आत्मिक जागरण सुरू झाल्याच्या बातम्या केडगावला पोचल्या. जानेवारी १९०५मध्ये रमाबाईंनी मुलींना विचारलं की रोज जमून प्रार्थना करायला कोण कोण तयार आहे. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेवर गेली. दिवसातून दोनदा त्या जमत. जूनच्या अखेरीस जे घडलं त्याचं वर्णन करणारे पुष्कळ आहेत: रडणं, पश्चात्ताप, ज्वाळेत सापडल्यासारखी अवस्था, मोठ्याने एकाच वेळी चाललेली प्रार्थना. तेव्हाच्या काही लोकांनी त्याला वेडाचार म्हटलं. मीही त्यातल्या प्रत्येक गोष्टीची बाजू घेणार नाही.

माझं लक्ष जातं ते जानेवारी ते जून या महिन्यांकडे. त्यांत काहीच घडत नव्हतं. आधी सत्तर आणि मग शेकडो अनाथ मुली आणि विधवा पहाटे उठून कुणासाठी तरी प्रार्थना करत होत्या. पुढे रमाबाईंनी ठिकठिकाणच्या सेवकांची, मंडळ्यांची नावं मागवली आणि ती मुलींत वाटून दिली. अमुक गावच्या पाळकासाठी रोज तू, तमुक गावच्या बाईंसाठी रोज तू. विचार करा. दुष्काळात रस्त्याच्या कडेला सापडलेली, कदाचित आपल्याच मुलखातली एक पोर, पदवीधर पाळकाचं नाव घेऊन त्याला बळ मिळावं म्हणून गुडघे टेकते आहे. ज्या पोरीला सगळ्यांनी द्यायचं, तिनेच द्यायला सुरुवात केली. रमाबाईंची कर्तबगारी मला केडगावच्या मुक्ती सदनाच्या इमारतींपेक्षा या वाटणीत जास्त दिसते. आश्रितांना त्यांनी दाते केलं.

त्याच १९०५ साली, इथून जवळच्या दापुऱ्यातून डेबूजी जानोरकर घर सोडून निघाले. पुढे जग त्यांना गाडगेबाबा म्हणू लागलं. दोन गोष्टींचा आपसात काही संबंध नाही, पण मूर्तिजापुरात बोलताना बाबांचं नाव वगळणं मला जमणार नाही. शिवाय त्यांच्याकडून आपल्या उपदेशकांनी शिकण्यासारखं काही आहे. बाबा कीर्तनात एकटे बोलत नसत. ते विचारत आणि समोरचे हजारो लोक उत्तर देत. देव कुठे आहे, कर्ज काढून सण करावा का, पोराला शाळेत घालता का? लोक ओरडून सांगत. उत्तर श्रोत्यांच्या तोंडून आलं की ते त्यांचं होतं. आणि तुकडोजी महाराजांनी मोझरीला सामुदायिक प्रार्थना सुरू केली तेव्हा सगळ्यांनी एकत्र, एका वेळी, खाली बसून म्हणण्यावर भर दिला. हिंदू समाज एकट्याने पूजा करतो आणि ख्रिस्ती समाज एकत्र, असं आपण कौतुकाने सांगत असतो. मला शंका आहे. एका छताखाली बसणं आणि एकत्र असणं यांत अंतर राहू शकतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा एक होऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं, आणि ते ऐतिहासिक होतंच. पण एकाच मंडळीतली दोन कुटुंबं कमिटीच्या निवडणुकीनंतर तीन नाताळ एकमेकांशी बोलत नाहीत, हेही आपण पाहतो. त्या दोन घरांच्या ऐक्यासाठी नागपूरला जावं लागत नाही.

मग अडतं कुठे? लोकांना आधार नको आहे असं तर नाही. वऱ्हाडात तरी नाहीच. कापसाचा भाव, सोयाबीनवरची अळी, बँकेची नोटीस, डोक्यावरचं सावकारी कर्ज यांनी गेली पंचवीस-तीस वर्षं या मुलखात किती घरं बसली, ते मी सांगायला नको. ख्रिस्ती घरं शेतीत कमी असतील, पण नर्सिंग, शाळा, रेल्वे यांत नोकरी करणाऱ्यांचे प्रश्न काही हलके नाहीत: बदल्या, कंत्राटी नेमणुका, पुण्याला गेलेला आणि फोन न करणारा मुलगा, दारू, लग्न न जमणारी मुलगी. २०११च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात आपण शंभरात एकसुद्धा नाही. इतक्या थोड्या माणसांत एकाचं दुखणं दुसऱ्याला कळायला हवं, आणि कळतंही. पण कळतं ते भलत्याच वाटेने.

उघडच बोलतो. ‘प्रार्थनेसाठी विषय’ म्हणून बुधवारी सांगितलेली गोष्ट शुक्रवारच्या बाजारात भाजीवाल्याला ठाऊक असते. एका मावशींना मी विचारलं, तुम्ही प्रार्थनेला विषय का देत नाही? त्या म्हणाल्या, ‘काऊन देऊ भाऊ? देवाले मी घरूनच सांगतो. इथं सांगतलं तं देवाच्या आंधी बाकीच्यायले समजते.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. छोट्या मंडळीत गुपित ठेवणं हे दशांशाइतकंच महत्त्वाचं अर्पण आहे, आणि त्यावर मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही.

दुसरी अडचण आपल्या साक्षींची. साक्ष ही आपल्याकडची फार सुंदर रीत. पण तिचा साचा ठरून गेला आहे. मी आजारी होतो, डॉक्टरांनी हात टेकले, मंडळीने प्रार्थना केली, मी बरा झालो, प्रभूची स्तुती असो. नोकरी नव्हती, आता आहे. साक्ष द्यायची तर शेवट गोड हवा. ज्याचा शेवट अजून झालेला नाही त्याने काय करावं? ज्याची बायको प्रार्थना करूनही गेली तो उभा राहून काय सांगणार? तो सांगत नाही. हळूहळू मागच्या बाकावर जातो, मग दाराजवळ, मग नाताळ-ईस्टरला येतो. आपण म्हणतो, याचा विश्वास थंड पडला. थंड पडला की आपल्या साच्यात बसला नाही?

आपल्या पवित्र शास्त्रात दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांचा फार मोठा हिस्सा गाऱ्हाण्यांचा, विलापाचा आहे. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आभाराकडे वळतात. ८८वं वळत नाही. ते अंधारातच संपतं. कोणी तरी ते लिहिलं, कोणी तरी मंदिरात गायलं, आणि संग्रह करणाऱ्यांनी त्याला गोड शेवट न जोडता तसंच ठेवलं. माझ्या मते ते त्यांनी शहाणपणाने केलं. ज्या मंडळीत ८८वं स्तोत्र मोठ्याने वाचायला जागा आहे, तिथेच १०३वं खऱ्या मनाने म्हणता येतं. आपण १०३वंच वाचत राहतो. आणि आठवा, गेथशेमाने बागेत येशूने काय केलं? पेत्राला आणि जब्दीच्या दोन मुलांना बरोबर घेतलं, माझा जीव अतिशय खिन्न झाला आहे असं त्यांना सांगितलं, आणि जवळ जागे राहा म्हणाला. देवाच्या पुत्राने मच्छीमारांकडे सोबत मागितली. ते झोपले, ही वेगळी गोष्ट. त्याने मागितली, ही आपल्यासाठी मोठी गोष्ट.

एवढ्यावर कुणी म्हणेल, मग संजीवन सभा घ्या. घ्या की. मी विरोधात नाही. मंडप पडतो, लाउडस्पीकर लागतो, बाहेरगावचे वक्ते येतात, तीन दिवस गर्दी असते. त्यातून कुणाचं आयुष्य वळलेलं मी पाहिलं आहे. पण मंडप उतरल्यावरच्या बुधवारी प्रार्थनासभेला किती जण असतात? सहा. आधीही सहाच होते. मला वाटतं, मंडळीचा विश्वास खोल जायचा असेल तर त्या सहांपासून जाईल. केडगावला तरी तो तसाच गेला, मंडपाच्या आधीच्या पाच-सहा महिन्यांत.

या बाबतीत मेथडिस्टांच्या इतिहासातली एक गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये जॉन वेस्लीच्या लोकांवर प्रार्थनागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. एका निवृत्त दर्यावर्दी कप्तानाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, गरिबांना तेही जमणार नाही. कप्तान म्हणाला, मग अकरा जणांची जबाबदारी माझ्यावर टाका. ज्याला जमणार नाही त्याचं मी भरीन. अशा बारा-बारांच्या तुकड्या झाल्या. पेनी गोळा करायला घरोघर जाताना कप्तानासारख्यांना दिसू लागलं की कुणाच्या घरी भांडण आहे, कोण पुन्हा पिऊ लागला आहे, कोण खचलंय. वेस्लीच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. कर्ज फिटलं, तुकड्या राहिल्या, आणि मेथडिस्ट चळवळीचा कणा त्या झाल्या. मोठ्या सभा वेस्लीच्याही होत्या, हजारोंच्या. पण सभेतून उठलेला माणूस टिकला तो त्या बारांमुळे.

हे आपल्याला परकं नाही. आपल्या महिला बचत गटांत काय होतं? दर महिन्याला शंभर रुपये, वही, सह्या. आणि त्या निमित्ताने दहा-बारा जणींना एकमेकींचं घर आतून ठाऊक असतं. कुणाचा हप्ता का थकला हे विचारताना कुणाचा नवरा दवाखान्यात आहे ते कळतं, आणि तिचा हप्ता दुसरी भरते. आपल्या स्त्री-समाजातल्या कितीतरी बाया अशा गटांत आहेत. तिथे त्या मोकळं बोलतात, चर्चमध्ये गप्प बसतात. यात त्यांची चूक नाही.

आणखी एक माणूस आहे ज्याची विचारपूस कुणी करत नाही. तो इथेच पुढे बसला आहे, आणि मी त्याच्याकडे बघणार नाही. पाळक. मंडळीत मयत झालं की तो, आजारी पडलं की तो, भांडण झालं की तो, आणि पगार दोन महिने थकला तरी रविवारी प्रसन्न चेहऱ्याने उभा राहणाराही तोच. यवतमाळला १९५३ पासून पुढे तीस वर्षं युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. १९८३ला ती पुण्याला गेली. देशभरातून तिथे शिकायला पोरं येत, आणि त्या काळात यवतमाळला जाणारी शकुंतला ही आगगाडी आपल्याच स्टेशनातून सुटायची.  त्या शाळेने हिब्रू शिकवलं, ग्रीक शिकवलं, उपदेश कसा बांधायचा ते शिकवलं. मंडळीकडून घ्यायचं कसं, हे कुठलीच शाळा शिकवत नाही. म्हणून आपला पाळक घेत नाही, आणि पंधरा-वीस वर्षांनी आतून कोरडा होतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल काय मागतो? त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. हिवाळ्याआधी ये. आणि येताना मार्कलाही आण. हा तोच मार्क, ज्याला एकदा मध्येच पळून गेला म्हणून पौलाने बरोबर घ्यायला साफ नकार दिला होता आणि बर्णबाने पदराखाली घेतलं होतं. प्रेषिताला थंडी वाजत होती, वाचायला हवं होतं, आणि ज्याला झिडकारलं त्याचीच गरज पडली होती. हे त्याने लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं.

तर माझी सूचना अगदी साधी आहे, आणि ती नाकारायची पूर्ण मुभा आहे. महिन्यातून एका बुधवारी उपदेश नको. सतरंजीवर गोल बसायचं, पाळकसाहेबांनीही खालीच. एक गीत, एक शास्त्रभाग, अर्थ सांगायचा नाही. मग ज्याला बोलायचं त्याने बोलावं, आणि ज्याचा शेवट लागलेला नाही तेही बोलता यावं. ऐकणाऱ्याने तोडगा द्यायचा नाही, वचन फेकायचं नाही, ‘आमच्याकडे याहून वाईट झालं’ असंही म्हणायचं नाही. प्रार्थना करायची, आणि पुढच्या बुधवारी त्याला विचारायचं, काय झालं? हे शेवटचं विसरलं तर बाकी सगळं वाया. आणि तिथलं तिथेच ठेवायचं. पहिल्यांदा जो ते बाहेर नेईल त्याला वडिलांनी घरी जाऊन, एकट्याला, स्पष्ट सांगावं. बायांसाठी वेळ दुपारची ठेवा. संध्याकाळी पोळ्या कोण करणार याचा विचार पुरुषांनी केलेला नसतो.

असं केलं तर लोक येतील का, हा प्रश्न मला आयोजकांपैकी एकाने कालच विचारला. जास्तीचे येणार नाहीत. कदाचित सहाचे पाचही होतील, कारण उपदेश ऐकायला येणाऱ्या एखाद्याला हे आवडणार नाही. त्याची काळजी निदान वर्षभर करू नका.

सुरुवात कुणी करायची, हे मात्र आजच ठरवा. तरुणांनी करावी असं आपल्याला वाटतं, कारण त्यांना ‘पुढे आणायचं’ असतं. माझं मत उलट आहे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर पोरगं मन उघडत नाही, सून तर नाहीच नाही. पहिला बोलणारा वडीलमंडळातला असावा, पिकल्या केसांचा, ज्याने पूर्वी कमिटी चालवली आहे असा, आणि त्याने मिळालेल्या आशीर्वादाची नव्हे, तर अजून न मिळालेल्या उत्तराची गोष्ट सांगावी. तोच जर म्हणाला की देवाच्या कृपेने घरी सगळं बरं चाललं आहे, तर बाकीचे पाच जणही तेच म्हणतील, आणि साडेआठच्या आत सगळे घरी गेलेले असतील.